बंबखान्यातला तवा आणि काचपेटीतली रायफल

मी एक जुना तवा आहे, मित्रांनो. चार फूट लांब, दोघांनी धरून उचलावा असा. आणि आधीच सांगून टाकतो, मी हेवेखोर आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी सगळ्यांचं भलं चिंतावं म्हणतात. चिंतोत बापड्या. मला ते कधी जमलं नाही, आणि माझ्या हेव्यापायी काय झालं तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या ब्रेकर हॉलो गावात, कोळशाच्या खाणीच्या दुरुस्तीखान्यात झाला. बॉयलरचा एक जाड पत्रा उरला होता. काझिमिर दुदेक नावाच्या वेल्डरनं तो कापला, कडा घासल्या, दोन्ही टोकांना कड्या जोडल्या आणि गावच्या बंबखान्यात आणून ठेवला. "घ्या रे, न्याहारीला. हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल," तो म्हणाला. खरंच उरलो. खाण बंद झाली, दुरुस्तीखाना पाडला, काझिमिर गेला, आणि मी अजून आहे.

आमच्याकडे आग विझवायला पगारी माणसं नाहीत. भोंगा वाजला की न्हावी, शाळेतली बाई, ट्रकवाला, सगळे हातातलं टाकून धावतात. बंबाच्या डिझेलपासून हेल्मेटपर्यंत सगळं गावानंच उभं करायचं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बंब बाहेर काढून त्या जागी टेबलं मांडायची आणि पॅनकेकची न्याहारी करायची, ही इथली रीत. माझ्यापाशी उभी असायची काझिमिरची मुलगी लिओना. माझी कुठली बाजू लवकर तापते आणि कुठली रुसून बसते, हे तिच्याइतकं कोणाला कळलं नाही. पहिला पॅनकेक नेहमी बिघडायचा, वाकडा आणि करपलेला. तो मर्विन कल्पचा ठरलेला. मर्विन डोंगराकडच्या गोदामाच्या फाटकावर राखणदार होता.

"टाक इकडं तुझं कोळशाचं पिल्लू," तो ताट पुढं करायचा.

"फुकट खातोस आणि वर नावं ठेवतोस?" लिओना म्हणायची. "पुढच्या वेळी ताटच करपवते तुझं."

किती सुखाचे दिवस होते ते! सगळं गाव माझ्यासमोर रांग लावायचं.

मग एका फेब्रुवारीत लिओनाचा नवरा बर्नार्ड दारातला बर्फ लोटताना छाती धरून खाली बसला. ॲम्ब्युलन्स जिल्ह्याच्या गावाहून यायची. ती अडतीस मिनिटांनी पोचली. तोवर सगळं आटोपलं होतं. पुढच्या पहिल्या रविवारी लिओना काळे कपडे घालून माझ्यापाशी उभी राहिली आणि बंबखान्याचा प्रमुख एलवूड याला म्हणाली, "एलवूड, या गावाला आपली ॲम्ब्युलन्स पाहिजे. ती येईपर्यंत मी पॅनकेक भाजणार. मधेच मेले तर माझ्या जागी दुसरी उभी कर."

त्या दिवसापासून मी दुप्पट तापलो, मित्रांनो. अकरा वर्षं आम्ही दोघं राबलो. अकरा वर्षांत काय आलं? एक स्ट्रेचर आणि प्राणवायूची दोन नळकांडी. ज्यांच्यासाठी भाजायचं त्यांच्याच खिशात काही नव्हतं.

पैसा होता तो डोंगरावर. तिथं व्हिटकोमसाहेबांचा बंगला. खालची सगळी गोदामं त्यांची. गोदामं आली तेव्हा आमचे आमदार कार्लाइल यांनी त्यांना वीस वर्षांची करमाफी मिळवून दिली. का, तर गावाला नोकऱ्या मिळतील. नोकऱ्या मिळाल्या. लिओनाचा मुलगा टॉड तिथंच लागला. पण गावच्या तिजोरीत दमडी पडेना. गोदामांवर नाममात्र कर बसवून त्यातून ॲम्ब्युलन्स चालवावी, असा प्रस्ताव मांडायचं कार्लाइल दरवर्षी कबूल करायचे. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे यायचे, कोट काढायचे, माझ्यावरचा एक पॅनकेक उलटवायचे, तेवढ्यात फोटो निघायचा. त्याच संध्याकाळी डोंगरावर त्यांच्या प्रचाराला पैसे उभे करायची जेवणावळ असायची आणि तिथल्या एका ताटाची किंमत आमच्या वर्षभराच्या न्याहाऱ्यांहून जास्त. बंगल्यात चांदीची भांडी आहेत असं ऐकलं होतं. मी त्यांच्यावरही जळायचो. त्यांना कोणी लोखंडी काथ्यानं घासत नसणार!

एकदा लिओनानं कार्लाइलना धरलंच. "साहेब, आमच्या ॲम्ब्युलन्सच्या कराचं काय झालं?"

"प्रस्ताव समितीत आहे, मॅडम."

"डोंगरावर जेवायला जाता तेव्हा ती समिती कुठं बसलेली असते हो? तुमच्या शेजारच्याच खुर्चीत ना?"

सगळे हसले. कार्लाइलही हसले, आणि माझ्यावरचा पॅनकेक न उलटवताच निघून गेले.

त्या पानगळीत व्हिटकोमसाहेबांनी बंबखान्याला देणगी पाठवली. देणगी म्हणजे एक रायफल. लष्करी दिसणारी, काळीकुळकुळीत. "सोडत काढा," निरोप होता. बंबखान्यासाठी बंदुकीची सोडत काढणं आमच्याकडे काही नवल नाही. पण आमच्या गावात इतकी देखणी बंदूक कधी आली नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवली, वर दिवा लावला, अगदी माझ्या समोरच्या भिंतीशी.

काय सांगू, माझा कसा जळफळाट झाला! रंगानं आम्ही दोघं सारखेच काळे. पण माझ्याकडे पाठ आणि तिच्यासमोर रांग. शेजारच्या तीन गावांतून माणसं आली. माझ्यापुढं सुट्टी नाणी चाचपणारी माणसं तिच्यासाठी वीस वीस डॉलर हसत हसत काढत होती. ज्यांना बंदूक नको होती तेही तिकीट घेत होते, कारण बंबखान्याला नाही म्हणायचं नसतं. आणि ॲम्ब्युलन्स? अकरा वर्षं आम्ही जिच्यासाठी राबलो ती एका पानगळीत दारात उभी राहिली. जुनी, पण चालती. एलवूड तिच्याभोवती फिरून म्हणाला, "मान गये, लिओना! पोरीनं एका फटक्यात करून दाखवलं."

पोरगी म्हणजे रायफल. माझं नावही कोणी काढलं नाही. तेव्हा मी मनात म्हणालो, कोणीतरी जिंका हिला आणि घेऊन जा. कोणाच्याही घरी जाऊ दे, माझ्यासमोरून जाऊ दे. मित्रांनो, नीट ऐका, मी म्हणालो होतो, कोणाच्याही घरी.

सोडतीत लिओनाचं तिकीट निघालं.

ती पीठ ढवळत होती. हात एप्रनला पुसत ती पेटीपाशी गेली. "मला काय करायचीय ही? भिंतीला टेकवून कपडे वाळत घालू?"

"नको असेल तर बदल्यात सातशे डॉलर रोख," एलवूड म्हणाला. "नियमच आहे तसा."

"कुठले देणार?"

एलवूडनं डोकं खाजवलं. "कुठले म्हणजे? ॲम्ब्युलन्सच्या पैशातलेच. अजून विमा भरायचाय, पण तुझा हक्कच आहे."

ॲम्ब्युलन्सच्या पैशातला एक डॉलरही लिओनाला नको होता. "मग बंदूकच दे," ती म्हणाली. बंदूक हाती द्यायच्या आधी बंदुकीच्या दुकानात कायद्याप्रमाणे तिची चौकशी झाली. एकाहत्तर वर्षांच्या, कधी रस्त्याचा नियमही न मोडलेल्या बाईच्या कागदात काय सापडणार? तिनं रायफल घरी नेली आणि गोधड्यांच्या कपाटात ठेवली. टॉडला देते म्हणाली, शिकारीला जाईल तरी. तो हल्ली कुणाशी बोलत नव्हता.

आणि मी खूश होतो. समोरची भिंत मोकळी झाली म्हणून खूश!

टॉड का बोलत नव्हता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. गोदामात सामान उचलणारी यंत्रं आली होती आणि नव्वद माणसांना घरी पाठवलं होतं. करमाफी मात्र तशीच होती. टॉडनं साहेबांना भेटायला चार वेळा चिठ्ठी दिली, चारही वेळा उत्तर आलं नाही. जानेवारीतल्या एका दुपारी तो गाडी घेऊन निघाला. त्याला डोंगरावर जायचं होतं. पण डोंगराचा रस्ता गोदामाच्या फाटकातूनच जातो आणि फाटकावर मर्विन होता.

पुढचं मी मर्विनच्याच तोंडून ऐकलं. तो म्हणाला होता, "टॉड, साहेब इथं नाहीत, फ्लोरिडात आहेत. घरी जा, बाळा, आईकडे जा." टॉडनं गोळ्या झाडल्या. मग तिथंच बर्फात बसून रडत राहिला, पोलीस येईपर्यंत.

अहो, त्या गोळ्या डोंगर चढल्याच नाहीत. ज्यानं नोकरी घेतली त्याच्या खिडकीची काचही तडकली नाही. आमच्यातल्याच एकाला लागल्या, ताशी पगारावर थंडीत उभ्या असलेल्याला.

आमची ॲम्ब्युलन्स चार मिनिटांत पोचली. मर्विन वाचला. उजवा हात मात्र खांद्यापासून गेला. टॉडला अठरा वर्षांची शिक्षा झाली.

आणि आता ऐका गावाचं शहाणपण. मर्विन वाचला म्हणून लोक काय म्हणाले? "बघा, रायफलीच्या सोडतीनं ॲम्ब्युलन्स आली म्हणून माणूस वाचला!" मला वाटलं मी तडकेन. मारायचं तिनंच आणि वाचवल्याचं श्रेयही तिलाच? असलं नशीब मला कधी लाभलं का?

लिओना बंबखान्यात यायची बंद झाली. न्याहारीही बंद झाली. सोडत असताना पॅनकेक कोण भाजतो? मला मागच्या भिंतीला टेकवला, ओल्या बुटांच्या मागं. गंजाचे ठिपके पडले. बुटांमागून मला वर्षभर पावलांखेरीज काही दिसलं नाही.

मग पुन्हा पानगळ आली आणि डोंगरावरून दोन रायफली आल्या. दोन पेट्या, दोन दिवे. आणि त्याच आठवड्यात मर्विन एलवूडपुढं येऊन उभा राहिला.

"मला पॅनकेक पाहिजेत."

"अरे, हॉटेलात खा की."

"करपलेले पाहिजेत. लिओनाचे."

"ती नाही येणार, मर्विन. तोंड कसं दाखवेल तुला?"

"ते मी बघतो. तू तवा बाहेर काढ."

तो तिच्या घरी कसा गेला आणि काय बोलला, मला ठाऊक नाही. पण रविवारी पहाटे लिओना आली. वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. ती कोणाशी बोलली नाही. मीठ आणि अर्धा बटाटा घेऊन तिनं मला घासायला सुरुवात केली. गंज उतरेना तशी जोर लावत राहिली. मधेच थांबली, माझ्यावर दोन्ही तळवे टेकले आणि म्हणाली, "बाबा, मी घरात काय नेलं हो?" तिचा बाप काझिमिर जाऊन तीस वर्षं झाली होती. मला तोंड असतं तर सांगितलं असतं, पोरी, मीही तेच मागितलं होतं.

नऊ वाजता हॉल भरला. कार्लाइल आले होते, निवडणुकीचं वर्ष होतं. त्यांनी सवयीनं मर्विनपुढं उजवा हात केला, मग चपापून डावा केला. "आमच्या प्रार्थना तुमच्या पाठीशी आहेत."

"पोचल्या, साहेब," मर्विन म्हणाला. "ॲम्ब्युलन्स जरा आधी पोचली. कराचा प्रस्ताव अजून वाटेतच आहे ना?"

कार्लाइलना फोन आला, निदान त्यांनी तसं दाखवलं.

एलवूड तिकिटांचं पुडकं घेऊन टेबलाटेबलावरून फिरत होता. फिरता फिरता सवयीनंच लिओनापाशी आला. "एक तिकीट? ॲम्ब्युलन्सचे टायर—" आणि आपण कोणाला विचारतोय हे त्याच्या लक्षात आलं. पिठाचा थेंब माझ्यावर पडून चुरचुरला तेवढाच आवाज.

लिओनानं एप्रनच्या खिशातून वीस डॉलरची नोट काढली. एलवूडनं हात पुढं केला. तिनं ती त्याच्या हातावर ठेवली नाही. पॅनकेकच्या पैशांचा जुना कॉफीचा डबा ओढला आणि त्यात टाकली.

"टायरसाठीच ना? इथूनही येतील. उशिरा येतील, पण त्यांच्यामागून कोणाचा हात जाणार नाही."

एलवूड लालेलाल झाला. पुडकं बगलेत मारून तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीही लांब रांग रायफलींचीच होती. माझ्यापुढं बारा-पंधरा माणसं असतील. पेट्यांवरच्या दिव्यांकडे पाहून मी पूर्वीसारखाच जळत होतो.

मग लिओनानं पहिला पॅनकेक टाकला. वर्षभरात सवय मोडलेली, तो वाकडा झाला आणि करपला. मर्विननं डाव्या हातानं ताट पुढं केलं.

"टाक तुझं कोळशाचं पिल्लू."

तिनं टाकला. त्यानं काटा उचलला, पॅनकेकला टोचला, पण एका हातानं तो कापता येईना. ताट टेबलावर घसरत राहिलं. लिओना बघत होती.

"बघतेस काय?" मर्विन म्हणाला. "कापून दे की."

ती माझ्यापासून दूर झाली, त्याच्या शेजारी बसली आणि बारीक बारीक तुकडे करू लागली. तुकडे संपले तरी तिची सुरी थांबेना. मर्विन एकेक तुकडा खात राहिला. माझ्यावरचे बाकीचे पॅनकेक करपून गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, हेवा करायचा असेल तर करा, मी कोण अडवणारा? पण ज्याच्याभोवती गर्दी जमते ते कोणाच्या घरी जाणार आहे, तेवढं आधी विचारा. मी विचारलं नाही. आणि तुमच्या गावात असा एखादा जुना तवा बुटांमागं पडला असेल तर त्याला बाहेर काढा, मीठ लावून घासा. पहिला पॅनकेक करपेल. तो फेकू नका. कोणीतरी त्याचीच वाट बघत असतं.