गोळी घेऊन आलेली पाठ

हातानं दाबून-ताणून पाठ मोकळी करणाऱ्या ऑस्टिओपॅथकडे निघण्याआधी वहिनीनं दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. कण्हत-कुंथत परक्या दारात जायचं तिला बरं वाटेना. शिवाय सोबत नणंद होती. मुलानं परगावाहून फोनवर सांगून टाकलं होतं, आईची पाठ गेली असेल तर बाबांना सेवागृहात ठेवू. आणि खरं काय ते बघायला आत्याला पाठवलं होतं. नवऱ्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. त्याला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर नेणारी वहिनी एकटी. अशा बाईनं पाठ दुखते म्हणून कबूल तरी कसं करायचं?

ऑस्टिओपॅथ चाळिशीची, हळू बोलणारी बाई होती. तिनं आधी नुसतंच विचारलं. झोप कशी लागते, काम काय, कधी पडलात का.

"कडाकड हाडं मोडतात म्हणे तुमच्यात," नणंद कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली.

"कधी आवाज होतो, कधी होत नाही. जे करीन ते आधी सांगून करीन. नको वाटलं तर थांबवायचं."

मग तिनं वहिनीला उभं केलं, पुढे वाकवलं, बाजूला वळवलं, आणि अरुंद पलंगावर पालथं झोपवून पाठीवर तळवे ठेवले.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"तिथेही नाही."

बाईचे हात थांबले. "पाठ तर फळीसारखी ताठ झालीय. गोळी घेऊन आलात का?"

वहिनी उशीत तोंड घालून म्हणाली, "दोन. पाहुणे यायचे म्हणून आपण घर आवरतो ना, तसं."

"आवरलेलं घर बघून मला कळणार काय? घरी काय उचलता?"



"माझ्या भावाला उचलते," नणंद म्हणाली. "रोज. आणि मला सांगते, तो आपला आपण उठतो."

वहिनीला वाटलं, संपलं. आता फोन जाणार. पण उठून बसायचंही त्राण तिच्यात नव्हतं. बाई हळूहळू दाबत, ताणत, पाय धरून कंबर हलवत राहिली. आवाज कसला तो झालाच नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी आपला भार धरलाय, एवढंच वहिनीला कळत होतं. तिनं मनात देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

शेवटी बाईनं सांगितलं, "एक-दोन दिवस अंग ठणकेल, त्याला घाबरू नका. पायाला मुंग्या आल्या, लघवीचं भान राहिलं नाही, तर मात्र तडक दवाखान्यात जायचं. एका खेपेत हे सुटणार नाही. आणि दोन दिवस त्यांना उचलायचं नाही. पुढेही एकटीनं उचलत राहिलात, तर इथे सैल केलेलं तिथे पुन्हा आवळेल."

घरी आल्यावर नणंदेनं पदर खोचला. "कसं धरायचं ते सांग. तू हात लावायचा नाहीस."

"वन्सं, तुमचं वय..."

"वय तुझंही झालंय. सांग."

वहिनीनं बसल्या जागेवरून सांगितलं. गुडघे वाकवा, काखेत हात घाला, आधी त्यांना पुढे घ्या. नवरा बहिणीच्या खांद्याला लोंबकळत जड जिभेनं म्हणाला, "ताई, लहानपणी पाडलं होतंस मला."

"तेव्हा भांडत होतास. आता गप्प बस."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. नणंदेनं धापा टाकत घेतला. "पाठ थकलीय रे तिची, मोडली नाही. महिनाभर मी राहते. तोवर सकाळ-संध्याकाळ यायला एक माणूस बघ. पैसे सेवागृहाला दिले असतेस, ते त्याला दे."

पलीकडे तो काहीतरी बोलत राहिला. ती फक्त "हं" म्हणाली.

"ऐकेल का तो?" वहिनीनं विचारलं.

"आज नाही ऐकणार. उद्या पुन्हा सांगीन."

खुर्चीत नवरा एका अंगावर कलला होता. वहिनी सवयीनं अर्धी उठली.

"बस," दोघं भावंडं एकदम म्हणाली.

ती बसली. गोळ्यांचा असर उतरून आता दुखायला लागलं होतं.