आंबा, खुर्ची, नदी, घड्याळ, कंदील

डॉ. विश्वेश यांच्या संशोधन केंद्रात एकही उंदीर नव्हता, पण भिंतीवर उंदरांचे फोटो मात्र भरपूर होते. म्हातारा उंदीर, तरुण उंदीर आणि औषध घेऊन पुन्हा तरुण झालेला उंदीर. तीन वेगळे उंदीर म्हणून लावलेले हे तिन्ही फोटो एकाच उंदराचे आहेत, हे स्वरदाला पहिल्याच दिवशी कळलं. तिन्हींच्या डाव्या कानाला एकाच जागी खाच होती. तिने ते बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "स्वरदा, गप्प बस."

स्वरदा दहावीत होती. वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आल्यापासून, म्हणजे ऑगस्टपासून, गप्प बसणं तिने सोडून दिलं होतं.

तिच्या आजोबांना, नानांना, अल्झायमर होता. मुंबई नाक्याजवळच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी तसं स्पष्ट सांगितलं होतं. नकोशी प्रथिनं मेंदूत साचतात, पेशी मरत जातात, त्या परत येत नाहीत. जगभर शोध चालू आहे, हाती फार थोडं लागलंय. "ही गोळी रोग बरा करणार नाही, पण काही काळ त्यांना थोडं सावरून धरेल. बंद करू नका." बाई एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाबांना त्यांचा रागच आला. माणसाला आशा हवी असते. ती गंगापूर रोडला एसी हॉलमध्ये, चहा-बिस्किटांसह मिळत होती.

डॉ. विश्वेश मेंदूचे डॉक्टर नव्हतेच. ते कशाचे डॉक्टर होते, हे त्यांच्या पाटीवर इतक्या बारीक अक्षरांत होतं की वाचायला रस्ता ओलांडून पाटीला नाक लावावं लागे. स्वरदाने लावलं होतं. 'समग्र पेशी-ऊर्जा' असं काहीसं होतं. अंगात बंद गळ्याचा कोट, बोटात तीन अंगठ्या आणि प्रत्येक वाक्यात 'आमचं संशोधन'.

त्या संशोधनात नाना तीन महिने होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा त्यांना घेऊन जात. पिवळसर काढा, कपाळाला कसलंसं यंत्र, आणि शेवटी स्मरणशक्तीची परीक्षा. सहायक वल्लरी समोर बसून पाच शब्द सांगायची. आंबा, खुर्ची, नदी, घड्याळ, कंदील. नानांनी ते पाठोपाठ म्हणायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सांगायचे. पहिल्या मंगळवारी नानांना दोनच आठवले. वल्लरी स्वभावाने गोड मुलगी. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून ती यादी तीन-तीनदा म्हणून घ्यायची.

तीन महिन्यांनी नाना पाचही शब्द घडाघडा सांगू लागले. डॉक्टरांनी आलेख काढला. रेघ अशी वर गेली की कागद अपुरा पडावा.

"नव्या पेशी!" डॉक्टर म्हणाले. "आता दुसरा टप्पा. मणक्यातून पेशींचं इंजेक्शन. त्याआधी त्या केमिकलच्या गोळ्या पूर्ण बंद. रविवारी मेळावा आहे, नानासाहेबांना स्टेजवर आणू, तिथेच संमतीपत्रावर सही करा."

"मणक्यात सुई?" आई, म्हणजे मालिनी, दचकली.

"अगं, रिझल्ट बघ ना," बाबा म्हणाले. देवव्रत हे नानांचे एकुलते एक चिरंजीव, अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात. दिवसभर लोखंडाचे तुकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा माणूस घरी आला की कुठलाही आलेख गिळायचा.

शनिवारी सकाळी नानांनी पोहे खाल्ले, ताटली धुवायला टाकली आणि दहा मिनिटांनी विचारलं, "आज उपास आहे का गं?"

"पोहे झाले ना नाना आत्ताच!"

"हो का? असतील." मग ते खिडकीशी बसले आणि पुटपुटू लागले. उजवा हात गुडघ्यावरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलत होता. स्वरदाने कान दिला.

"आंबा खुर्ची, खुर्ची आंबा, आंबा खुर्ची. खुर्ची नदी, नदी खुर्ची, खुर्ची नदी..."

नाना पंचवटीतले घनपाठी वैदिक. आयुष्यभर रामकुंडावर यजमानांची कार्यं केली, आणि त्याआधी बालपणाची बारा वर्षं गुरूंसमोर बसून वेद पाठ केले. गुरूंनी म्हणायचं, शिष्याने पाठोपाठ म्हणायचं, ती संथा. मग तेच शब्द जोडीजोडीने पुढे, मागे, पुन्हा पुढे, ही जटा. स्वराबरोबर हात हलायचा. रोगाने त्यांची सकाळ नेली, शेजाऱ्यांची नावं नेली, परवा घरचा पत्ताही नेला. इंदिरानगरातलं घर सोडून ते घाटावर सापडले. पण ती बारा वर्षं त्याला अजून उपटता आली नव्हती.

"बाबा! नानांची स्मरणशक्ती नाही सुधारली, त्यांनी यादी पाठ केलीय! वल्लरीताई त्यांना संथा देतेय! शब्द एकदाही बदलले नाहीत त्या लोकांनी!"

"तू डॉक्टर आहेस का?"

"तो तरी कुठेय?"

"स्वरदा!"

झालं. दार आपटलं गेलं. कुणी आपटलं ते सांगायची गरज नाही.

रविवारी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत रुग्ण, मागे त्यांची थकलेली माणसं. स्टेजवर कमळाच्या आकाराचा मेंदू, थर्माकोलचा. नाना रेशमी उपरणं घेऊन खुर्चीवर बसले होते आणि वर्षभरात दिसले नव्हते इतके छान दिसत होते. वल्लरीने विचारलं, नानांनी पाच शब्द ठणकावून सांगितले, टाळ्या पडल्या. नाना उजळले. बाबांच्या मांडीवर संमतीपत्र होतं आणि पेनाचं टोपण निघालेलं होतं.

"काही शंका?" डॉक्टरांनी हात पसरले. "तरुण पिढीनेही विचारावं."

तरुण पिढी टुणकन उभी राहिली.

"ज्यांना तुमचं औषध दिलंच नाही, अशा किती लोकांशी तुम्ही तुलना केली?"

"बेटा," डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "आम्ही कुणालाच औषधापासून वंचित ठेवत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! स्वरदाला वाटलं, शाळेच्या प्रयोगवहीत असं उत्तर लिहिलं असतं तर बाईंनी वही खिडकीतून फेकली असती.

"आणि शब्दांची यादी कधी बदलली?"

"यादी प्रमाणित आहे. प्रमाणित गोष्टी बदलत नसतात. दहावीचं पुस्तक वेगळं आणि संशोधन वेगळं, काय?" हशा पिकला.

स्वरदाच्या मुठीत चिठ्ठी होती. रात्री लिहिलेले पाच नवे शब्द. बोट, लिंबू, पायरी, शिट्टी, गहू. आत्ता नानांना हे विचारायचे, पाच मिनिटं थांबायचं, की कमळाचा थर्माकोल झालाच. तिने वर पाहिलं. नाना तिच्याकडे बघून हसत होते. टाळ्या अजून त्यांच्या कानात असाव्यात. या दोनशे लोकांसमोर ते चाचपडणार, ओठ हलवणार आणि काहीच सापडणार नाही. डॉक्टरची फजिती होणार, पण चेहरा नानांचा पडणार.

तिने चिठ्ठी चुरगाळली.

"नाना," ती ओरडली, "जटा म्हणा!"

नानांची पाठ ताठ झाली. उजवा हात उठला.

"आंबा खुर्ची, खुर्ची आंबा, आंबा खुर्ची! खुर्ची नदी, नदी खुर्ची, खुर्ची नदी! नदी घड्याळ, घड्याळ नदी, नदी घड्याळ!" खणखणीत आवाज, एक अडखळ नाही.

"पाहिलंत?" डॉक्टर आनंदाने जवळजवळ उडालेच. "शब्द उलटेसुद्धा! ही झेप आमच्या अंदाजापलीकडची आहे! नव्या पेशी, मित्रहो!"

स्वरदाने बाबांकडे पाहिलं. बाबांचं पेन खाली पडलं होतं. त्यांचा उजवा हात संमतीपत्रावर नानांच्या हाताबरोबर वर-खाली हलत होता. मुंजीनंतर चार वर्षं त्यांनाही नानांनी असंच बसवलं होतं. मग ते इंजिनियर झाले आणि विसरले. हात विसरला नव्हता.

बाबा उठले, स्टेजवर गेले.

"डॉक्टर, ही जटा आहे. माझे वडील वेदांतली हजारो पदं अशी म्हणतात, तुमच्या काढ्याच्या आधीपासून. तीन महिने तुम्ही त्यांना पाच शब्दांची संथा दिलीत आणि तिला संशोधन म्हणालात."

"देवव्रतजी, भावनेच्या भरात—"

"मी कारखान्यात तपासणी करतो. एकच तुकडा रोज मोजून माल सुधारला असं म्हटलं, तर मला हाकलतील." कागदाचे दोन तुकडे करून त्यांनी ते डॉक्टरांच्या हातात ठेवले. "चला, नाना."

मागच्या रांगेतून एक बाई विचारत होती, "मग आमच्या ह्यांनासुद्धा तेच पाच शब्द का?" डॉक्टरांनी माइक बंद केला.

रिक्षात नानांनी खिसा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "यजमान कुठले होते रे, देवा? आदर काही नाही. उठून दक्षिणासुद्धा विचारली नाही."

बाबा हसले, आणि मग त्यांनी नानांचं घसरलेलं उपरणं नीट केलं.

घरी स्वरदाने गोळी आणि पाणी दिलं. नानांनी गोळी घेतली, पेला परत दिला आणि सुरू केलं, "आंबा खुर्ची, खुर्ची आंबा..."

तिला संताप आला. डोक्यात जागा इतकी थोडी उरलेली, आणि ती त्या अंगठीवाल्याच्या खुर्चीने आणि कंदिलाने अडवायची! तीन महिन्यांत त्या अख्ख्या केंद्राला एवढं सुचलं नाही, की हा माणूस काही पाठ करू शकतोय तर उपयोगाचं तरी द्यावं. नाना बरे होणार नव्हते. ते तिला ठाऊक होतं. पण हरवले तर चार शब्द सांगू शकले असते.

ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि त्यांच्यासारखा उजवा हात हलवू लागली.

"नाना, नवी संथा. देवव्रत, इंदिरानगर, गणेशमंदिर, पिवळीइमारत."

"देवव्रत, इंदिरानगर," नाना पाठोपाठ म्हणाले आणि थांबले. तिच्या हाताकडे बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हात कुठे चाललाय तुझा? माश्या मारतेस? पाठ ताठ कर. पुन्हा, पहिल्यापासून."