मशीन चालू असेपर्यंत

"हात वर कर. अगं एवढा नको, छतावरची जाळी काढायची नाहीयेत आपल्याला," दातांत धरलेल्या टाचण्यांमधून मावशी म्हणाल्या आणि मुलीच्या बगलेखाली त्यांनी खडूची रेघ ओढली.

ड्रेसच्या मापासाठी उभी असलेली ती कॉलेजातली मुलगी एकदम खुदकन हसली.

"मावशी, सांगू का? रागावणार नाही ना? तुम्ही सेम तिच्यासारख्या दिसता."

"कुणासारखी?"

"त्या गेममधल्या भुतासारखी!"

मावशींना आजवर लोक पुष्कळ काय काय म्हणाले होते. कपडे वेळेवर न देणारी म्हणाले, कापड मारणारी म्हणाले, फटकळ तर रोजच म्हणत. भूत मात्र कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या.

"दाखव बघू तुझं भूत."

मुलीने फोन पुढे केला. अंधाऱ्या बोळकांडीत एक बाई पाठमोरी बसलेली होती आणि पायमशीन चालवत होती. केसांचा सैल अंबाडा, अंगात तपकिरी स्वेटर, स्वेटरच्या कोपराला पानाच्या आकाराचं ठिगळ. मशीनच्या खणाची एक मूठ पितळी, दुसरी लाकडी. मावशींनी मान वळवून खिडकीजवळच्या आपल्या मशीनकडे पाहिलं. लाकडी मूठ त्यांनीच बसवली होती, आणि ते पानाचं ठिगळही त्यांनीच लावलं होतं. स्वेटर केव्हाच विरून गेला होता.

"जाम भारी गेम आहे," मुलगी सांगत सुटली. "अर्ध्या तासाचाच आहे, पण फाटते हो! आपण लहान मुलगी असतो, खोलीत एकटी. बाहेर ही मशीनवाली. कुठेही पळा, कपाटात लपा, खिडकीतून उडी मारा, शेवटी अंधार होतो आणि ती पकडतेच. अजून कुणीच सुटलेलं नाही. लोक काय काय लिहितात, वाचा ना!"

मावशींनी चष्मा लावला. लोकांनी खरंच पोटभर लिहिलं होतं. 'मशीनवालीची पाठ बघून माझी झोप उडाली.' 'मशीनचा आवाज आला की मी फोन उशीखाली खुपसते.' 'एकाच शिवणीवर पुन्हा पुन्हा टीप मारते, बाई ठार वेडी आहे.' कुणीतरी तिचं चित्रही काढलं होतं, दातांच्या जागी सुया.

"आज दुपारी चष्मेवाला खेळणार आहे, लाइव्ह!" मुलगी म्हणाली. "तो खेळतो आणि लाखो लोक बघतात."

"म्हणजे स्वतः खेळायचं सोडून दुसरा खेळतो ते बघत बसायचं?"

"मग तुम्ही नाही का खिडकीतून समोरच्यांची भांडणं बघत?"

"चल, निघ आता. संध्याकाळी ये, तयार असेल," मावशी म्हणाल्या. एरवी त्यांनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं.

मुलगी गेली. ड्रेस मशीनवर तसाच पडून राहिला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि दारामागे ठकू होती. ठकू म्हणजे मावशींची एकुलती एक लेक. गेली दोन वर्षं नोकरी सांभाळून ती कॉम्प्युटरवर काहीतरी खटपट करत होती. 'भुताचा गेम करतेय,' एवढंच तिने सांगितलं होतं आणि मावशींनी 'जेवून घे आधी,' एवढंच म्हटलं होतं. भूत कोण आहे हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. कशाला येईल?

मावशी उभ्याच राहिल्या. जगाने काय वाटेल ते म्हणावं, जगाच्या तोंडाला कोण हात लावणार? पण माझ्या पोटच्या पोरीला लहानपणी माझी भीती वाटत होती? ज्या रात्री मी तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसले, त्याच रात्री ती आत माझ्याच भीतीने थरथरत होती? बाकी काही कळलं नाही तरी चालेल, हे मात्र त्यांना आज कळायला हवं होतं.

त्यांनी दार ढकललं.

ठकू खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. डोळे लालभडक. गेम बाहेर पडल्यापासून पोरगी धड झोपली नव्हती. समोरच्या स्क्रीनवर मोठा चष्मा घातलेला एक तरुण हसत होता, बाजूने लोकांच्या कॉमेंटी भराभर वर सरकत होत्या.

"आई, आत्ता नको. प्लीज."

"मलाही बघायचंय."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"का? माझंच भूत आहे ना?"

ठकूचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी पलंगाच्या कडेवर टेकल्या. बाहेर जायचं नाही हे त्यांनी ठरवलंच होतं.

चष्मेवाला खेळायला लागला. लहान मुलीची खोली, पलंग, कपाट, अर्धवट उघडं दार. दाराबाहेरून मशीनचा आवाज येत होता, खटखट, खटखट. मावशींनी तो आवाज ओळखला. तिसऱ्या-चौथ्या टाक्याला जरासा अडखळणारा, त्यांच्याच मशीनचा. पोरीने तो कधी टिपून घेतला होता कुणास ठाऊक.

"आली रे बाबा, मशीनवाली आली!" चष्मेवाला ओरडला आणि कपाटात जाऊन लपला. मशीनचा आवाज लांब गेला. मग पावलं वाजली, कपाटाच्या फटीतून उजेड आला आणि सगळं काळं झालं. त्याने पुन्हा सुरू केलं. पलंगाखाली शिरला. पुन्हा काळं. खिडकीतून पळाला, पुन्हा तेच. लोक खिदळत होते, लिहीत होते, 'म्हातारीला मारून टाक', 'हातोडा शोध', 'तिच्या मानेत कात्री खुपस'.

"मानेत कात्री खुपस म्हणे! कात्री धरायची अक्कल आहे का मेल्यांना?" मावशी पुटपुटल्या. ठकू हसली नाही. ती नखं खात होती.

चौथ्या वेळी तो दारापर्यंत गेला आणि त्याने दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. ती पाठ अगदी जवळ दिसली. दाराच्या उंबऱ्याला चिकटूनच मशीन होतं. बाई दाराकडे पाठ करून, बोळकांडीकडे तोंड करून बसली होती.

आणि मावशींच्या लक्षात आलं. ही पाठ बाहेरून दिसणारी नव्हे. खोलीच्या आतून, दारात उभ्या राहिलेल्या पोरीलाच ती अशी दिसणार.

"ठकू," त्या हळूच म्हणाल्या, "तू जागी असायचीस?"

ठकूने स्क्रीनवरची नजर काढली नाही. नुसती होकाराची मान हलवली.

एवढी वर्षं सांभाळलेली झाकली मूठ अशी उघडी पडली होती. ठकूचे बाबा दिवसा देवमाणूस. तिकिटाच्या खिडकीवर बसायचे, कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. सकाळी पोरीची वेणी घालायचे तेही तेच. पण त्या एका वर्षी त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. रात्र झाली की टॉर्च आणि लोखंडी गज घेऊन घरभर फिरायचे. 'आपली पोर कुणीतरी बदललीये. आत झोपलीये ती आपली नाही,' म्हणायचे. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. मग मावशींनी मशीन ओढून पोरीच्या दारात आडवं लावलं आणि त्या तिथे शिवत बसल्या. मशीन चालू असलं की ते पुढे येत नसत. का, ते मावशींनाही कधी कळलं नाही. हात इतके कापायचे की लोकांचं चांगलं कापड घ्यायची हिंमत व्हायची नाही. एक चिंधी घ्यायच्या, तिच्यावर टिपेवर टीप मारायच्या, सकाळी उसवायच्या. पोरीने विचारलं तर सांगायचं, शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आहे गं. पुढे डॉक्टरांना दाखवून झालं, औषधं झाली, ते पुष्कळ निवळले आणि काही वर्षांनी साध्या तापाने गेले. पोरीच्या मनात त्यांची नुसती वेणीच राहावी, असं मावशींना वाटत होतं. त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"मग या लोकांना सांगत का नाहीस?" त्यांनी विचारलं. "म्हणून टाक ना, पळू नका, मशीनवालीपाशीच थांबा म्हणून."

"सांगून काय उपयोग? कुणाला तरी आपणहून थांबावंसं वाटायला हवं. इतक्या लोकांतून एकालाही वाटलं नाही. आई, मीच चुकीचं केलंय बहुतेक."

स्क्रीनवर चष्मेवाला दारातून बाहेर आला होता, मशीनच्या शेजारी. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "एक मिनिट हां मंडळी, घरून आहे," म्हणत त्याने फोन कानाला लावला आणि खुर्ची वळवली. गेममधली मुलगी मशीनच्या पायाशी तशीच उभी राहिली.

ठकू एकदम ताठ झाली.

"हलू नको," ती म्हणाली. "हलू नको, हलू नको."

खटखट चालूच होती. बोळकांडीच्या टोकाला पावलं वाजली. कॉमेंटींचा नुसता पाऊस पडत होता, 'पळ', 'अरे पळ', 'मेलास तू'. टॉर्चचा उजेड भिंतीवरून थरथरत पुढे येऊ लागला. चष्मेवाला फोनवर कुणाला तरी किल्ली कुठे ठेवलीय ते सांगत होता. बोलता बोलता त्याचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला.

"ठेव तो हात खाली, मेल्या!" मावशी ओरडल्या. उठून त्या स्क्रीनपाशी आल्या होत्या, जणू त्याचं मनगटच धरणार होत्या. ठकूने त्यांचा पदर गच्च धरला.

हात कीबोर्डवर टेकला, मग डोकं खाजवायला वर गेला.

उजेड मशीनपाशी येऊन थांबला. बाईच्या हातांवर पडला. ते हात कापत होते, चिंधीवर टिपेवर टीप चढत होती. उजेडामागून एका पुरुषाचा दमलेला आवाज आला, "झोपली का ती?"

"झोपली," बाई म्हणाली. "तुम्हीही झोपा आता."

मशीन चालूच होतं. उजेड थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग मागे सरकला, लहान झाला, विझला. हळूहळू बोळकांडीत सकाळ झाली. दाराच्या खिळ्याला शाळेचा छोटासा फ्रॉक अडकवलेला दिसला आणि पडद्यावर अक्षरं आली, समाप्त.

मावशींनी तोंडावर हात दाबून धरला होता. त्याच शब्दांत. पोरीने त्यांचे शब्द जसेच्या तसे जपून ठेवले होते, आणि बापाचा आवाजही तिने राक्षसाचा केला नव्हता.

चष्मेवाल्याने फोन ठेवला आणि खुर्ची फिरवली.

"अरे? संपला? हे काय!" त्याने मागे जाऊन शेवटचा भाग पुन्हा पाहिला, जांभई दिली. "म्हणजे ती काहीच करत नाही? तो माणूस येतो, जातो, सकाळ होते. काहीच घडत नाही राव! एवढी भीती घातली आणि शेवट असा फुसका. दोन स्टार, तेही मशीनच्या आवाजाचे."

'फुसका', 'फुसका', लोकांनी रांगच लावली. 'काहीच होत नाही शेवटी.' 'पैसे परत द्या.'

ठकूने स्क्रीन बंद केला. तिला आईकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मावशी पुन्हा पलंगावर टेकल्या, पदराने त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या, आणि त्यांना हसू आलं, रडता रडताच आलं.

"बरोबर बोलला पोरगा," त्या म्हणाल्या. "काहीच घडलं नाही. एक रात्रसुद्धा काही घडू दिलं नाही मी."

"आई, मला बाबांचं वाईट करायचं नव्हतं."

"कुठे केलंस? बघितलं ना मी." मग जे विचारायला त्या आल्या होत्या ते त्यांनी विचारलं. "ठकू, खरं सांग. माझी भीती वाटायची तुला?"

ठकूने नाक ओढलं.

"तुझी? नाही गं. मशीन थांबलं की भीती वाटायची. तू दोरा ओवायला थांबलीस तरी मी उठून दारात यायचे. पाठ दिसली की परत जाऊन पडायचे."

मावशींनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली.

"चल, बाहेर येऊन बस. त्या मुलीचा ड्रेस द्यायचाय संध्याकाळी. ती म्हणते मी भुतासारखी दिसते. आता भुताच्या हातचा ड्रेस घाल म्हणावं."

खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. मावशी मशीनवर बसल्या, दोरा ओवला, पाय हलवू लागल्या. ठकू त्यांच्या मागे जमिनीवर भिंतीला टेकून बसली. लोकांना काहीतरी उत्तर लिहायचं म्हणून तिने फोन हातात घेतला होता. एक शिवण पुरी झाली, दुसरी झाली. बाही लागली. फोन घसरून चटईवर पडल्याचा आवाज आला म्हणून मावशींनी मान वळवली. ठकू तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, लहानपणी झोपायची तशीच.

ड्रेसची शेवटची टीप संपली. मावशींनी दोरा तोडला, ड्रेस घडी करून बाजूला ठेवला. पाय मात्र त्यांनी थांबवला नाही. एका हाताने टोपली चाचपून त्यांनी एक चिंधी काढली, सुईखाली सारली, आणि टिपेवर टीप मारत बसल्या.