शनिवारचा भुताचा सिनेमा

काचबिंदूने नजर गेली तेव्हा कौशल्याबाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या. मुलगा आनंद त्यांचं यवतमाळचं घर बंद करून त्यांना विश्रांतवाडीला, आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. सुनेने, श्रद्धाने, त्यांच्या खोलीत एक छोटा स्पीकर ठेवला आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ अभंग सुरू झाले. भेटायला येणारेही भजनंच सुचवून जात. दिसत नसलेल्या बाईला दुसरं काय लागणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

कौशल्याबाईंना खरं तर भुताचे सिनेमे आवडत. नवरा होता तोवर, आधी टॉकीजमध्ये आणि मग घरच्या टीव्हीवर, दोघांनी एकही सोडला नव्हता. पण इथं हे सांगायचं कुणाला? श्रद्धाला तर असल्या सिनेमाची नुसती जाहिरात पाहूनही झोप लागत नसे.

एका शनिवारी दुपारी त्या गॅलरीत बसल्या होत्या. शेजारच्या फ्लॅटमधून दार करकरल्याचा आवाज आला, मग कुणाचा तरी जड श्वास, आणि एकदम किंकाळी. कौशल्याबाई ताठ झाल्या.

"भुताचा हाय का गं?" त्यांनी हाक मारली.

शेजारची तनुजा धावत गॅलरीत आली. आयटीत नोकरी करणारी, एकटीच राहणारी मुलगी. "सॉरी काकू! आवाज कमी करते."

"कमी काहून? वाढव थोडा."

तनुजा हसली. "काकू, तुम्ही आतच या ना."

त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी कौशल्याबाई तिच्या सोफ्यावर असत. बोलणं ऐकू येई, पण पडद्यावर सगळं शांत झालं की तनुजाला सांगावं लागे. सुरुवातीला तिला ते जमेना.

"आता ती... काहीतरी बघतेय, काकू."

"काय बघते? खरी मजा तिथंच असते बाई!"

हळूहळू तनुजा शिकली. आवाज खाली आणून म्हणायची, "दार बोटभर उघडंय. तिने कडीला हात लावलाय. मागे आरशात कुणीतरी उभंय." कौशल्याबाई तिचं मनगट घट्ट धरत आणि किंकाळी आली की दोघी खदखदून हसत.

"मैत्रिणी म्हणतात, असलं काय बघतेस. मी एकटीच बघायचे," तनुजाने एकदा सांगितलं.

"मग बरं झालं भिंत पातळ हाय ते," कौशल्याबाई म्हणाल्या.

एका शनिवारी तनुजाला ऐनवेळी ऑफिसला जावं लागलं. तिचा फोन आला तेव्हा "काम आधी, बेटा" असं म्हणून कौशल्याबाईंनी फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिल्या. श्रद्धा कपडे ठेवायला आत आली. सासूबाई नवी साडी नेसून, पदर नीट पिनअप करून, केस विंचरून तयार होत्या. श्रद्धा क्षणभर दारातच थांबली.

"आई, चला हॉलमध्ये. मी लावते सिनेमा."

"तू? तुला झेपणार नाही."

"बघू तर."

सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळाने नुसता वारा ऐकू येऊ लागला.

"काय चाललंय, श्रद्धा?"

"आई, मी डोळे मिटलेत."

"अगं, मग आपण दोघी मिळून काय बघतो आहोत?"

श्रद्धाला हसू फुटलं. सासूच्या खांद्याआड सरकून, बोटांच्या फटीतून तिने पडद्याकडे पाहिलं. "विहिरीवर बाई बसलीय. जांभळी साडी, इरकल असावी. काठ उसवलाय. केस ओले आहेत, पण अंगणात पाण्याचा थेंबही नाही... अगं बाई! आई, तिने मान वळवली!" आणि तिने सासूलाच मिठी मारली.

"इरकल!" कौशल्याबाई खूश होऊन म्हणाल्या. "तनुजा कधी साडी सांगत नाही मला."

हल्ली तिघी बसतात. तनुजा माणसं सांगते, श्रद्धा साड्या, दागिने आणि घरं. मधेच दोघी भांडतात आणि सिनेमा थांबवावा लागतो.

परवा असाच थांबवला असताना कौशल्याबाई म्हणाल्या, "डोळे गेले तेव्हा वाटलं, आता नुसते दिवस ढकलायचे. तुम्ही दोघी भेटल्या नसत्या तर मी तेच केलं असतं."

दोघींचं भांडण तिथंच थांबलं. तनुजा सरकून त्यांना चिकटून बसली.

"आई, असलं काही बोलू नका हं," श्रद्धा म्हणाली आणि डोळे पुसत तिने सिनेमा पुन्हा सुरू केला.