खळीचा दिवस

धुळाजी धनगराचा हात मागावर जसा चालायचा, तशीच त्याची मान होकारात चालायची. कुणी म्हणालं, "धुळाजी, बैल फुगलाय, जरा बघ," की हा उठला. कुणी म्हणालं, "मांडवाच्या मेढी रोवायच्यात," की हा उठला. मागावरची अर्धी घोंगडी तशीच लोंबत राहायची आणि धुळाजी गावभर उपयोगी पडत फिरायचा. असा माणूस लाखात एक, असं गावाचं मत होतं. आपली घोंगडी वेळेवर मिळाली, असं मात्र त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं.

त्याची बायको मनकर्णा. तिचं मत वेगळं होतं आणि ते ती रोज ऐकवायची.

गेवराईचे व्यापारी राधाकिशन शेठ थंडीच्या तोंडाला धुळाजीकडून वीस घोंगड्या घेत. सलग दोन वर्षं माल उशिरा पोचला होता. तिसऱ्या वर्षी शेठनी गोड आवाजात सांगितलं, "धुळाजी, दत्तजयंतीच्या आत वीसच्या वीस. नाही जमलं तर मी दिंद्रुडचा मागवाला बघतो. तुम्ही गावातल्या बैलांची पोटं बघा."

धुळाजी "हो" म्हणाला. त्या "हो"ची किंमत मनकर्णेला ठाऊक होती. तिनं दुसऱ्या दिवसापासून कारभार हातात घेतला.

चाती घेऊन ती सूत कातत थेट दारात बसली. सकाळपासून उन्हं कलेपर्यंतचा वेळ मागाचा. गावाचं काम दिवे लागल्यावर, आणि तेही दिवसाला एकच. लोकर पिंजायची ती सगळी एकदम, कातायची ती सगळी एकदम. आज इथं थोडं, उद्या तिथं थोडं, हा प्रकार बंद.

"धुळाजी हाय का?"

"हाय. मागावर हाय."

"जरा काम व्हतं."

"माज्याशी बोला. दिवेलागणीला या. आजची पाळी बंकटची हाय, तुमची परवा."

गावानं याला 'मनकर्णेची तहसील' असं नाव ठेवलं. ती म्हणाली, "तहसिलीत काम हुत न्हाई. हितं हुतं."

दत्तजयंतीला आठ दिवस उरले तेव्हा चौदा घोंगड्या घडी घालून तयार होत्या. राहिल्या सहा. एक दिवस खळीचा, सहा दिवस विणायचे, एक दिवस गेवराईच्या वाटेचा. या मांडणीत कुणाला शिंकायलाही फुरसत नव्हती.

खळीचा दिवस म्हणजे काय, ते सांगायला हवं. चिंचोके शिजवून, वाटून त्यांची चिकट खळ करतात. सहा घोंगड्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत लांबच्या लांब ताणून बांधतात आणि कुंच्यानं त्याला खळ पाजतात. मग उन्हात वाळेपर्यंत नवरा एका अंगानं आणि बायको दुसऱ्या अंगानं कुंचा फिरवत राहतात. ओला ताणा मध्येच गुंडाळला तर धागे एकमेकांना असे धरतात, की बांधाच्या भांडणात भाऊबंदही तसे धरत नाहीत. मग तो ताणा उकिरड्यावर टाकायच्या लायकीचा उरतो.

नेमक्या त्याच दिवशी गिरदावर त्रिंबकरावांचा दौरा गावात आला. वसुलीचे हे साहेब बैलांच्या दमणीतून आले. वेशीतून चावडीकडे जाणारी नीट वाट एकच, आणि त्या वाटेत चाळीस हात ताणा ओलाचिंब उभा. पोलीस पाटील अर्जुनराव आधीच घामानं भिजून तिथं उभे होते.

"धुळाजी, गल्ली मोकळी करतो म्हणून काल तू काय म्हणला व्हतास?"

"हो म्हणलो व्हतो, पाटील."

"मंग?"

"हिला सांगायचं ऱ्हायलं."

पाटील मनकर्णेकडे वळले. "मनकर्णे, ताणा काढ. सायबाची दमणी आलीय."

"आली तर बसा म्हणावं सावलीला. पान खावा."

"कवा वाळंल?"

"ते सूर्व्याच्या हातात हाय. माज्या हातात कुंचा हाय." आणि तिनं कुंचा फिरवला.

त्रिंबकरावांनी दमणीतूनच डोकं बाहेर काढलं. अडवलेली वाट त्यांनी या नोकरीत पहिल्यांदाच पाहिली असावी. आजवर वाटा त्यांना पाहून स्वतःच बाजूला होत.

"ही सरकारी वाट आहे, माहीत आहे का?"

"हाय की, सरकार. मागल्या सालचं सरकारी खड्डं आमीच भरलं, फुकटात. मागून एक वाट हाय, ओढ्याच्या अंगानं."

"तिथं चिखल आहे!"

"ते बी आमीच भरायचं का? आज न्हाई जमायचं. आज खळ हाय."

गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या दारांतून लोक बघत होते. पाटलांनी स्वतः ताण्याच्या खुंटाला हात घातला. मनकर्णेनं त्यांना अडवलं नाही. ती फक्त म्हणाली, "पाटील, ह्यो ताणा तुटला तर आमचं गेवराईचं गिऱ्हाईक तुटतंय. जलमाचं. तोडायचाच आसंल तर आदी समद्या गावासमोर तसं बोला. आन् मंग तोडा."

पाटलांनी खुंटावरचा हात काढला आणि त्याच हातानं पागोटं नीट केलं, जणू त्यासाठीच तो पुढे केला होता.

दमणी ओढ्यानं गेली. चावडीत पोचली तेव्हा साहेबांच्या धोतराचा मूळ रंग कोणता, हा चौकशीचा विषय झाला होता. त्यांनी बसायच्या आधी हुकूम सोडला. सरकारी वाट अडवली म्हणून चार दिवस कोंडा. बाईला कोंडायची चावडीत सोय नव्हती, म्हणून नवऱ्याला.

हुकूम घेऊन गावचा जागल्या सटवा गल्लीत आला. मनकर्णेच्या हातातला कुंचा क्षणभर थांबला. चार दिवस गेले म्हणजे सहा घोंगड्या गेल्या, घोंगड्या गेल्या म्हणजे शेठ गेले. ती ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "सटवादादा, सांजच्याला घिऊन जा. आजून वाळला न्हाई."

"अन् सायबानं ईचारलं तर?"

"सांगा, कैदी वला हाय."

संध्याकाळी धुळाजी चावडीकडे निघाला तो डोक्यावर मागाचे दांडे घेऊन. मागून मनकर्णा वाळलेला ताणा, सूत आणि खुंटांचं ओझं घेऊन. आत गेल्यावर तिनं दगड उचलला आणि सरकारच्या मातीच्या भुईत पहिला खुंट ठोकला.

"ए बाई! काय चाललंय?" पाटील धावत आले.

"माग मांडतीय."

"चावडीत?"

"हुकूम माणूस कोंडायचा हाय. हात कोंडायचा कुटं हाय? दावा कागद."

कागदात हातांचा उल्लेख नव्हता. पाटलांनी कागद उलटा करूनही पाहिला. साहेबांकडे पुन्हा विचारायला जाण्यापेक्षा चार खुंट परवडले.

आणि मग गावानं कधी न पाहिलेली गोष्ट घडली. धुळाजी दिवसभर विणू लागला. बैल फुगलेले, मेढी पडलेले सगळे सवयीनं चावडीच्या दाराशी आले. तिथं सटवा काठी आडवी धरून बसलेला.

"धुळाजीशी जरा काम व्हतं."

"कैद्याशी बोलायचं न्हाई. हुकूम हाय."

"आरं पर बैल फुगलाय!"

"मंग बैलाला आण. जागा बगतो."

दारापलीकडून धुळाजीचं "हो, येतो की," ऐकू यायचं, पण कुलूप ऐकायचं नाही. घरी दिवसाला एक घोंगडी मुश्किलीनं व्हायची, इथं दीड होऊ लागली. दुसऱ्या दिवशी त्रिंबकराव पुढच्या गावाला गेले. तिसऱ्या दिवशी पाटील मनकर्णेच्या दारात आले. दफ्तरावर लोकरीची इतकी पूस बसली होती, की गावचे कुलकर्णी जमाबंदी शिंकत वाचत होते.

"मनकर्णे, सायब गेलं. घिऊन जा तुज्या नवऱ्याला. सोडला."

"कावून?"

"कावून म्हंजी? माफ केलं!"

"माफी मागितली कुणी? चार दिस म्हणजे चार दिस. सरकारचा शब्द हाय का न्हाई? उद्या तुमी तीनच दिस कोंडता म्हणून बोभाटा झाला, तर कोण भिईल तुमाला?"

"आगं, पर मला चावडी लागतीय!"

"उद्या सांजच्याला."

पाटील परत गेले. वाटेत लोकांनी विचारलं तेव्हा शिक्षेच्या बाबतीत आपण कुणाचं ऐकत नसल्याचं त्यांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी सांजेला ते किल्ली घेऊन आले आणि कुलूप काढलं. मागोमाग मनकर्णाही आत गेली. धुळाजीनं मान वर केली नाही. सहाव्या घोंगडीची शेवटची वीतभर राहिली होती. पाटील उंबऱ्यात उभे राहिले. मग एक पाय बदलला. मग सटवाच्या शेजारी पायरीवर बसले.

काठ बांधून झाल्यावर मनकर्णेनं घोंगडी झटकली. सगळी पूस पाटलांच्या मिशांवर गेली. तिनं सहाही एकावर एक रचल्या, गाठोडं बांधलं आणि दारात थांबली.

"उद्या पहाटं आमी गेवराईला निगतो. खुंट परवा काढू, पाटील. तवर हितं कुणाला कोंडू नका."