सातवं ध्वनिमुद्रण

कॉलेजला नवा सर्व्हर मिळाला आणि तो जुन्यापेक्षा लहान निघाला. असला पराक्रम आपल्याकडेच होऊ शकतो. मग ग्रंथालय समितीने ठराव केला: डिजिटल संग्रहातलं जे वर्षभरात कुणी उघडलं असेल तेवढंच नव्या सर्व्हरवर न्यायचं, बाकीचं पुसायचं. उघडणाऱ्याचं नावही यादीत हवं, म्हणजे आकडे फुगवायला नकोत.

यादी काढायचं काम अर्थातच शामला गावंडेकडे आलं. ई-जर्नल, प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका, जे जे पडद्यावर वाचलं जातं त्याची राखणदार तीच. वय बावन्न, हुडकेश्वरला दोन खोल्या, घरी वाट पाहणारं कुणी नाही. यादीत ती सरळ एका जागी गेली. 'उमरेडचे विणकर: ध्वनिमुद्रणे, एकूण बारा.' समोर शून्य. बाराही ठिकाणी शून्य.

आणि ती तर रोज ऐकत होती. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बागेत जात तेव्हा ती हेडफोन लावून सातवं ध्वनिमुद्रण ऐकायची. डबा बहुतेक तसाच घरी परत जायचा. पण ग्रंथालयातल्या संगणकांवरचा वापर मोजायचा नाही, हा नियम होता. सहा वर्षांपूर्वी तिनेच तो घातला होता, कारण कर्मचारी स्वतःच क्लिक करून आकडे वाढवतात म्हणे. तिचं चोख काम आता तिच्याच गळ्याशी आलं होतं.

ती ध्वनिमुद्रणं मुकुंद सरांची. सर मराठी शिकवायचे. दोन वर्षं दर शनिवारी एसटीने उमरेडला जाऊन त्यांनी म्हाताऱ्या विणकरांना बोलतं केलं, आणि नोंदी करायला शामला सोबत जायची. त्यांच्यात काही होतं का? नव्हतं. म्हणजे बोट ठेवून दाखवावं असं काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी सर हृदयविकाराने गेले तेव्हा शोकसभेच्या खुर्च्या शामलाने लावल्या आणि ती शेवटच्या रांगेत बसली. कुणी कुणासाठी रडायचं याचीही एक यादी असते. तिचं नाव त्या यादीत नव्हतं.

सातव्या ध्वनिमुद्रणात अकराव्या मिनिटाला विणकराची बायको चहा आणते. सर शामलाकडे बोट करून तिला म्हणतात, "पयले यायले द्या. सकाळपासून उपाशी हायेत." आणि मग शामलाकडे वळून, "काहून थांबता जी माह्यासाठी, शामलाबाई? जेवून घेत जा." पुढे नुसता मागाचा खटखटाट. बारावं मिनिट लागलं की शामला बंद करायची. पुढचं तिला ठाऊक होतं.

संगणक सांभाळणाऱ्या उन्मेषने आकडे पाहिले आणि सहज म्हणाला, "मॅडम, तो नियमाचा टिक काढून टाका ना. कोणाले कळते?"

तिने नाही म्हटलं. प्रत करून घरी न्यावी, तर विणकरांच्या संमतीपत्रात 'खासगी प्रत कुणी घेणार नाही' हे वाक्य तिच्याच हस्ताक्षरात होतं. राहिला एकच रस्ता. घरून, स्वतःच्या नावाने लॉगिन करून ऐकायचं. ते नियमात बसत होतं, खोटंही नव्हतं. फक्त मग तिचं नाव छापून समितीपुढे जाणार होतं, आणि समितीत रसायनशास्त्राच्या वेदिका मॅडम होत्या. मुकुंद सरांच्या पत्नी.

तीन दिवस तिला जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी तिने दार लावलं, फोन उघडला आणि एकेक करून बाराही ध्वनिमुद्रणं ऐकली. अकरा पूर्ण, एकेकदा. सातवं मात्र ऐकता ऐकता सहा वेळा झालं, आणि सहाही वेळा ते बाराव्या मिनिटाला थांबलं. यंत्राने नाव, किती वेळा, कुठवर, सगळं इमानदारीने लिहून ठेवलं.

समितीची बैठक मंगळवारी झाली. प्राचार्य पानं उलटत होते, कुणी समोशाची चौकशी करत होतं. वेदिका मॅडमनी चष्मा चढवून यादी वाचली, एका ओळीवर बोट ठेवलं.

"सातवं सहा वेळा. का बरं, शामलाबाई?"

"त्यात मागाचा आवाज चांगला आलाय, मॅडम."

सबंध प्रकरणात खोटं होतं ते एवढंच. मॅडमनी मान हलवली आणि सगळ्यांच्या आधी सही केली. बारा ध्वनिमुद्रणं वाचली. शामलाला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतं उघडं पडल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्या महिन्याच्या वापराच्या यादीत बाराही ध्वनिमुद्रणं नव्या सर्व्हरवर होती. सातव्यासमोर एक नवं नाव होतं. वेदिका. एकदा. ऐकलेला वेळ: अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

शामला बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली. मग उठली आणि रसायनशास्त्राचा जिना चढली. चार वर्षांत पहिल्यांदाच. प्रयोगशाळेत वेदिका मॅडम एकट्याच वह्या तपासत होत्या.

"मॅडम, ते अर्ध्यात बंद नका करू. एकोणिसाव्या मिनिटापर्यंत ऐका."

मॅडमनी वर पाहिलं. आवाज शांत होता. "तुम्ही तर बाराव्यातच बंद करता."

"हो. मले पुढचं माहीत हाय. मी तिथंच होती."

एवढं बोलून ती खाली आली. एकोणिसाव्या मिनिटाला सर विणकराला म्हणतात, "आज पाचची एसटी धरतो गा. घरी वेदिकाले ताप हाय. मी गेल्याबिगर ती गोळी घेत नाही." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. इतकी वर्षं शामलाने तेवढं एक वाक्य टाळलं होतं, आणि ज्या बाईचं ते होतं तिच्यापासूनही ते दूर राहिलं होतं.

त्यानंतरच्या महिन्यात यादी आली. सातवं, वेदिका, शेवटपर्यंत, चौदा वेळा. शामलाने यादीवर सही केली आणि ती फाइलला लावली.

घड्याळात एक वाजला होता. सगळे बागेत गेले होते. तिने हेडफोन खणात ठेवला, डबा उघडला आणि जेवून घेतलं. आता कुणासाठी थांबायचं नव्हतं.