सुरीचं लोखंड

म्हातारीने चकचकीत सळई उचलली, उजेडात धरून पाहिली आणि भंगारवाल्याच्या पायाशी टाकून दिली.

“ही कुणाच्या गळ्यात मारतोस? हिची सुरी केली तर लोणी कापतानाही धार मोडेल.”

“नवी कोरी आहे, मावशी. एक डाग दाखवा.”

“डाग नाही, तेच तर. राबलेल्या लोखंडाला डाग असतो. ही बांधकामाची सळई, वाकायलाच जन्मलेली. तुझ्यासारखी.”

भंगारवाला हसला. गिऱ्हाईक कितीही तिखट असलं तरी शेवटी गिऱ्हाईकच, आणि ही तर पाटे बसवणाऱ्या भट्टीवाल्याची बायको. ट्रकच्या पोटाखाली एकावर एक रचलेले जे लोखंडी कमानपाटे असतात, ते त्या भट्टीत चाळीस वर्षं तापले आणि वाकले होते. भट्टी आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. लोखंड म्हातारीच्या हाताला फारसं लागलं नव्हतं, पण कानात मुरलं होतं.

सून थोडी पलीकडे उकिडवी बसून ढीग उपसत होती. सोमवारपासून तिला बंदराजवळच्या शेडमध्ये मासे साफ करायच्या कामावर जायचं होतं. सुरी ज्याची त्याने आणायची, असा तिथला नियम. दुकानातली सुरी दुपारपर्यंत बोथट होते आणि बोथट सुरी मासा सोडून बोट धरते, असं तिथल्या दोघी जणींनी सांगितलं होतं. सांगणाऱ्या दोघींची मिळून वीस बोटं भरत नव्हती.

तेव्हा म्हाताऱ्याने सांगितलं की सुरी घरीच करू. त्याचे हात आता थरथरत, घण पेलत नव्हता. घण सुनेने मारायचा, त्याने शेजारी बसून सांगायचं. जिने आयुष्यात साधा खिळा सरळ केला नव्हता, तिने पहिलीच वस्तू घडवायची ती सुरी. “लोखंड मात्र बघून आणा,” तो म्हणाला होता. “लोखंड निवडलं की अर्धी सुरी झाली.” तो स्वतः आला नाही. या भंगारात त्याच्या मुलाची गाडी येऊन पडली होती.

“आई, ही कानस?” सुनेने एक जुनी झिजलेली कानस वर केली.

“कानस काचेसारखी. कडक आहे, पण एका घावात दोन तुकडे. नुसतं कडक असून भागत नाही. लवचीक पाहिजे आणि लवून परत जागेवर आलं पाहिजे. पाटाच बघ, खालचा, पातळ.”

सुनेने कानस बाजूला ठेवली. तिने एक पाटा दोरीला अडकवून उचलला, मोकळा लोंबकळू दिला आणि हातोडीने हलकेच टोला दिला. आवाज निघाला आणि फुटक्या मडक्यासारखा जागीच बसला.

“टाक तो. आत चीर आहे,” म्हातारी न बघताच म्हणाली. “अंगाने धडधाकट दिसतो, पण बोलला की कळतं. दुसरा घे.”

दुसरा पाटा गायला. नाद लांबत गेला, पत्र्यांवरून फिरून आला. भंगारवाल्यानेही मान वर केली.

“हा बरा आहे. हा बाजूला ठेव,” म्हातारी म्हणाली. लगेच हो म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. “अजून बघू.”

“हाच घेऊ ना, आई. चांगला वाजला.”

“का, गाडी चुकतेय तुझी?”

सुनेची घाई म्हातारीच्या डोळ्यांत भरली. आल्यापासून ही पोरगी कुंपणाकडच्या ढिगाला पाठ करून बसली होती. त्या ढिगामागे निळ्या पत्र्याची केबिन उभी होती, काच नसलेली, एका बाजूने चेपलेली. म्हातारीने ती फाटकातून शिरतानाच ओळखली होती आणि तिकडे पुन्हा मान वळवली नव्हती. पण आता सून वळत नाही म्हटल्यावर तिला वळायचं होतं.

वर्षापूर्वी पोरगा ती गाडी भरून निघाला आणि उतारावर, भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर गाडी एकाएकी डावीकडे ओढली गेली. पुलाचा कठडा तुटला. पोराच्या मांडीशी फोन सापडला, त्यावर बायकोचा आवाज अजून हॅलो हॅलो करत होता. बघणाऱ्यांनी तेवढंच बघितलं, लिहिणाऱ्यांनी तेवढंच लिहिलं. म्हातारी त्या दिवशी आजारी बहिणीजवळ दुसऱ्या गावी होती. फोनचं तिला लोकांच्या तोंडून कळलं, आणि त्यानंतर तिच्या तोंडून सुनेला. “तुझ्या फोनने खाल्लं त्याला.” आधी ती हे ओरडून म्हणायची, मग ताट वाढताना म्हणायची, मग दाराला कडी घालताना, सहज, जसं कुणी हवा गार आहे म्हणावं. सुनेने एकदाही उलट शब्द काढला नाही. गुन्हेगार गप्पच असतो, म्हातारी शेजारणींना सांगायची.

ती कुंपणाकडे चालू लागली.

“आई, तिकडे नको. तिकडे सगळं गंजलेलं आहे.”

“गंज मला शिकवतेस?”

ढिगाच्या तळाशी, दोन चाकांच्या खाली कुणीतरी मुद्दाम सरकवल्यासारखा एक अर्धा पाटा पडला होता. म्हातारीने पायाने चाक ढकललं आणि वाकली. पाट्याच्या टोकाला पंचने मारलेले तीन ठिपके होते. ही तिच्या नवऱ्याची खूण. त्याने दुरुस्त केलेल्या प्रत्येक पाट्यावर ते तीन ठिपके असत. म्हातारीचा चेहरा उजळला.

“हे बघ. आपल्या घरचं लोखंड आणि आपण परक्याच्या ढिगात हात घालतोय. पोराच्या पुढच्या चाकाचा पाटा हा. याचीच सुरी करायची.”

“तो तुटका आहे, आई.”

“सुरीला काय अख्खा लागतो? चार बोटं लोखंड पुरतं. पोराच्या गाडीचं हातात राहील तुझ्या. तेवढंही नको का तुला?”

सून उठली. ती जवळ आली आणि तिने हात पुढे केला, मागायला नाही, झाकायला. पण म्हातारीने तुटलेलं तोंड तोवर उजेडाकडे फिरवलं होतं.

तुटलेल्या लोखंडाचं तोंड दोन रंगांचं होतं. एक बाजू लाल, कोरडी, वर्षभराच्या पावसाने गंजलेली. दुसरी बाजू, निम्म्याहून जास्त, काळी कुळकुळीत, तेल आणि धूळ पिऊन बसलेली. अशी काळी बाजू एका वर्षात होत नाही. ती चीर मिटलेली असताना होते, गाडी चालत असताना, आतल्या आत. पाटा त्या दिवशी फक्त उरलेला तुटला होता. बाकीचा आधीच तुटलेला होता, ठिपके मारले तेव्हाही.

म्हातारी त्या काळ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. तिला ठिपके मारले तो दिवस आठवला, अपघाताच्या आधीचा. पोराला माल घेऊन लगेच निघायचं होतं, बाप-लेक भट्टीत घाई करत होते आणि ती भिंतीपलीकडे ताटं घेऊन खोळंबली होती. तिने भात्याचा आवाज ऐकला होता. घणाचा ऐकला होता. पंचचे तीन टोले ऐकले होते. पाटा लटकवून वाजवल्याचा नाद काही तिला आठवेना. तिने पुन्हा पुन्हा कान दिला. भिंतीपलीकडून काहीच आलं नाही.

“तू कधी बघितलंस?” तिने विचारलं.

“गाडी इथे आणली तेव्हा. त्यांचे कपडे काढायला आले होते मी. तेव्हा लाल बाजू पांढरी होती, चकचकीत.” सून खाली बघत होती. “बाबाच सांगायचे ना, जुनी चीर काळी, नवी पांढरी.”

“वर्ष झालं.”

“हो.”

“आणि मी वर्षभर बोलत होते तेव्हा काय मूग गिळले होतेस?”

“तुम्ही मला बोलायचात. मी ऐकून घ्यायचे, मग भांडी घासायला जायचे.” सुनेने पदराने हाताचा गंज पुसला. “बाबांना कळलं तर ते स्वतःला बोलतील. ते कोण थांबवणार?”

म्हातारी पाटा घेऊन उभी राहिली. मग सुनेला बाजूला सारून फाटकापाशी उभ्या असलेल्या टेम्पोकडे निघाली. त्या टेम्पोत वितळवायला जायचा माल भरला होता. वजन तिच्या वयाचं नव्हतं. भंगारवाला धरायला पुढे झाला, तिने त्याला कोपराने ढकललं आणि पाटा दोन्ही हातांनी आत लोटला.

“मावशी, तो चांगला होता की.”

“तुला काय कळतंय? तो दुसरा मोज. तिने वाजवला तो.”

वाटेत पाटा सुनेच्या खांद्यावर होता. एकदा म्हातारीने चालता चालता त्याचं मागचं टोक हाताने उचलून धरलं आणि तसंच धरून ती घरापर्यंत आली. माफी मागायला लागते ती जीभ देवाने तिला दिली नव्हती. तिची सगळी जीभ दुसऱ्याच कामात खर्ची पडली होती.

म्हाताऱ्याने पाटा लटकवून स्वतः वाजवला. कान लावून शेवटपर्यंत ऐकला.

“चांगला आहे. कुणी निवडला?”

“हिने,” म्हातारी म्हणाली.

त्याने मान हलवली. भट्टी पेटवली. वर्षभर थंड पडलेली भट्टी आधी धुरावली, मग कोळशाच्या पोटात लाली धरली. सून भात्यापाशी बसली. म्हातारी नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडे न जाता दारात टेकली. म्हातारा स्टुलावर बसून सांगत होता, थोडा वारा, एकदम नको, लोखंड घाबरतं. त्याच्या आवाजात फार दिवसांनी धंद्याचा सूर आला होता.

तेवढ्यात सुनेच्या कमरेचा फोन वाजला. शेडवरून असावा. तिने घाईघाईने तो बंद केला, पण म्हातारा बोलायचा थांबला होता. तो विस्तवाकडे बघत राहिला. या घरात फोनचं ते वाक्य वर्षभर एकाच तोंडाने बोललं जायचं, त्याने कधी त्यात शब्द मिसळला नव्हता. आज त्याने विचारलं, न ओरडता.

“त्या दिवशी कशाला लावलास गं फोन?”

भाता खाली गेला तो वर आला नाही. सुनेने सासऱ्याच्या हातांकडे पाहिलं. मांडीवर ठेवले तरी ते थरथरत होते. तिने ओठ मिटले. म्हातारीला ते दारातून दिसलं. आताही ही पोरगी बोलणार नव्हती. उद्याही नाही.

“मी सांगितलं होतं लावायला,” म्हातारी म्हणाली.

“तू?”

“बहिणीकडून मी हिला फोन केला. म्हटलं, तो कुठवर आलाय ते विचार. माझा त्याला लागत नव्हता. ही नको म्हणाली, गाडी चालवत असतील म्हणाली. मीच ऐकलं नाही.”

“आई, तुम्ही तर...”

“तू भाता मार. कोळसा विझतोय.”

सुनेचा हात चालू लागला. म्हाताऱ्याने हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं. वर्षभर सुनेला काय काय ऐकवलं गेलं ते तो आठवत असावा, एकेक करून, आणि ते सगळं आता त्याच्या डोळ्यांतून म्हातारीवर उलट फिरून येत होतं. म्हातारीने मान खाली घातली नाही. तिने पदर नीट केला आणि उभी राहिली.

“तू आत जा,” तो म्हणाला.

चाळीस वर्षांत त्याने तिला असं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती गेली नसती.

ती आत गेली.